दुसऱ्यांदा सांगितलेलं

इल्हेमची आई सलूहा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. एकदा ओट्यापाशी उभी राहून, आणि मग हात पुसत दारात येऊन. "गॅसवाला येऊन गेला." थोडं थांबून, त्याच सुरात, "गॅसवाला येऊन गेला." हे काही म्हातारपणामुळे नव्हतं. ती तरुण होती तेव्हापासून अशीच. ती करकेन्ना बेटावरची, आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातले लोक बेटावरच्या बायकांची चेष्टा करत, की तिकडे वारा एवढा, पहिलं वाक्य तोच पळवतो. माणसांच्या वाट्याला दुसरंच येतं.

या सवयीचा फायदा घरात कुणी घेतला असेल तर तो इल्हेमने. लहानपणी पुस्तकात आणि पुढे संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसायची तिला खोड. आईचं पहिलं वाक्य ती ऐकतच नसे. दुसरं आलं की तिच्या तोंडून आपोआप "हो" निघे, आणि आपण कशाला हो म्हणालो हे कळायला आणखी क्षण जाई. अशा होकारांपायी ती कितीतरी साखरपुड्यांना आणि आजाऱ्यांच्या समाचाराला जाऊन आली होती. हो म्हणालीस ना, मग आता चल, एवढंच सलूहा म्हणे. तेही दोनदा. चाळिशी उलटली, लग्न झालं आणि मोडलं, वडील गेले, इल्हेम परत आईकडे राहायला आली, तरी यात काडीचा फरक पडला नाही.

बाब दिवानच्या वेशीबाहेर एका जुन्या इमारतीत तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. आठवड्यातले काही दिवस ती तिथे जाई, बाकीचे घरून काम करी. काम तसं विचित्रच. संगणक ज्याच्या जोरावर चालतो तो आतला गाभा, कर्नल, जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणी पगारी, कुणी हौसेने. त्या कर्नलची माहिती देणारी पानंही अशीच हजारो हातांनी लिहिलेली. गरज पडेल तशा खोल्या काढत गेलेल्या घरासारखी त्यांची गत झाली होती. एकच उतारा तीन ठिकाणी. एका ठिकाणी कुणी चूक सुधारली, तर बाकी दोन ठिकाणी ती तशीच. इल्हेम असे जुळे उतारे शोधून काढी, त्यातला एक ठेवी, दुसरा खोडी आणि खोडलेल्या जागी एक ओळ लिही: हे आधी सांगितलं आहे.

"लोक लिहून नाव काढतात, तू खोडून काढलंस," शेजारच्या टेबलावरचा नौफेल म्हणायचा. "तुझ्या हाती माझ्या सासूबाईंना देतो. निम्म्या होतील."

"सासूबाईंपेक्षा तूच जास्त बोलतोस."

तिला आपल्या कामाचा अभिमान होता. का नसावा? तिने हात फिरवल्यावर पानं खरंच स्वच्छ दिसत.

त्या वसंतात तिला झोपेविषयीचा उतारा सापडला. संगणकात एखादं काम कशाची तरी वाट पाहत असेल, तर त्याला झोपवून ठेवतात. ज्याची वाट पाहायची ते आलं, की दुसरं कुणीतरी त्याला हाक मारून उठवतं. यात एक खोच आहे. काम डोळे मिटत असतानाच हाक आली तर ती ऐकू येत नाही, आणि हाक मारणारा आपलं काम झालं म्हणून निघून जातो. मग ते झोपलेलं झोपलेलंच राहतं. त्यासाठी काय खबरदारी घ्यावी हे त्या उताऱ्यात लिहिलं होतं. तो एकदा झोपणाऱ्यांच्या प्रकरणात होता, आणि पुन्हा, जसाच्या तसा, उठवणाऱ्यांच्या प्रकरणात. स्वल्पविरामाचासुद्धा फरक नव्हता. इल्हेमने दुसरा खोडला, नेहमीची ओळ लिहिली आणि बदल सगळ्यांच्या ईमेलच्या यादीवर पाठवून दिला.

त्या लोकांची रीत अशी, की जो तो आपला बदल चारचौघांत मांडतो. कुणी हरकत घेतली तर वाद होतो. कुणीच काही बोललं नाही, तर काही दिवसांनी मौन हीच संमती समजतात. या बदलावर कुणी बोललं नाही. तो कर्नलच्या पानांत गेला.

त्यानंतर हेन्निंगचं पत्र आलं. हेन्निंग नॉर्वेतला, पहिल्या पिढीतला जाणकार, आता निवृत्त. पत्र त्याने यादीवर न पाठवता एकट्या इल्हेमला पाठवलं होतं, आणि हे त्यांच्या रीतीला सोडून होतं.

"हा उतारा मीही एकदा काढला होता," त्याने लिहिलं होतं. "नंतर परत ठेवला. जुने बदल पाहिलेत तर दोन्ही वेळा माझंच नाव दिसेल. शक्य असेल तर तुमचा बदल मागे घ्या."

तिने कारण विचारलं.

"वाचणारा प्रत्येक जण पहिल्या वेळीच ऐकतो असं नसतं. याहून जास्त लिहिता येत नाही. तुमच्या घरी कोण कोण आहे?"

तिने ते नौफेलला दाखवलं. "साठी बुद्धी नाठी," तो म्हणाला. "घरी कोण कोण आहे म्हणे! म्हातारा स्थळं बघतोय तुझ्यासाठी." दोघंही हसली. तिने उत्तर दिलं नाही.

आधी बोटीचं लक्षात आलं. करकेन्नाला जाणारी बोट, जिला सगळे लूद म्हणतात, धक्क्यावरून निघताना दोनदा भोंगा वाजवते. इल्हेमच्या खिडकीतून बंदर दिसत नाही, पण भोंगा ऐकू येतो, आणि सलूहा त्यावरून चहाची वेळ ठरवी. एका दुपारी तो एकदाच वाजला. दुसऱ्या दिवशीही. सलूहा किटली हातात घेऊन दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत उभी राहिली, आणि मग तिने किटली तशीच खाली ठेवली.

पाववाल्या ताहेरकडे रोजची विचारपूस म्हणजे एक लांबण असे. "लाबेस?" "लाबेस." "घरचे लाबेस?" "लाबेस, लाबेस." सगळं क्षेम आहे एवढंच सांगायला ही वरात. आता तो एकदाच "लाबेस?" म्हणाला आणि पाव पुढे केला. सवयीने इल्हेम दोनदा म्हणाली. ताहेर तिच्याकडे पाहत राहिला. जणू ती कुठल्या परक्या भाषेत काही बोलली होती.

घरातही शांतता वाढली होती. खरं सांगायचं, तर इल्हेमला ती आवडली. काम झपाझप होत होतं, मध्ये कुणी येत नव्हतं. कारण काय हे तिने शोधलंच नाही. मग एके दुपारी करपल्याचा वास आला. सलूहाने ऑक्टोपसची आमटी शिजत टाकली होती आणि ती शेजारी गेली होती. परत आल्यावर तिने काळं पडलेलं भांडं इल्हेमपुढे धरलं.

"मला सांगून का नाही गेलीस, उम्मी?"

"सांगितलं होतं."

"काय म्हणाली होतीस?"

सलूहाच्या कपाळावर आठी पडली, जणू हाताशी ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नव्हती. मग ती म्हणाली, "हे आधी सांगितलं आहे."

सलूहा असं बोलत नसे. ती बेटावरची बाई, "सांगितलं की गं मेले" म्हणणारी. हे वाक्य छापील होतं. आणि ते कुणी छापलं होतं हे इल्हेमला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात ते तिने ताहेरच्या तोंडून ऐकलं, आणि बँकेतल्या बाईच्याही. नौफेल फोनवर काहीतरी म्हणाला, तिने "काय?" विचारलं, तर त्याच सपाट आवाजात तोही म्हणाला, "हे आधी सांगितलं आहे." पुढच्याच क्षणी तो पुन्हा हसतखेळत बोलू लागला. मधे आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिने हेन्निंगचं पत्र पुन्हा उघडलं. बदल मागे घ्यायचा, तर यादीवर कारण द्यावं लागतं, चारचौघांत. काय लिहिणार? माझी आई हल्ली एकदाच बोलते? ज्या नावासाठी इतकी वर्षं खपली त्याचं हसं झालं असतं. काहीतरी शास्त्रशुद्ध कारण सापडेल म्हणून ती थांबली. आज लिहू, उद्या लिहू करत राहिली. पुढे या दिवसांचा तिने स्वतःला फार त्रास करून घेतला, आणि तो योग्यच होता. एका ओळीचं काम होतं ते.

गुरुवारी दुपारी ती त्याच कारणाची वाक्यं जुळवत बसली होती. मागे सलूहा काहीतरी बोलली. इल्हेमला आवाज ऐकू आला, शब्द नाहीत. ती नेहमीप्रमाणे दुसऱ्या वाक्याची वाट पाहत टंकत राहिली.

दुसरं वाक्य आलं नाही.

तिने वळून पाहिलं. सलूहा दारात उभी होती, बाहेर जातानाची पांढरी चादर, सफसारी, अंगावर घेऊन, हातात लहान पिशवी. ती निघत नव्हती. तिचे ओठ थोडे विलगले होते. तीसुद्धा त्या दुसऱ्या वाक्याचीच वाट पाहत होती, असं इल्हेमला वाटलं.

"काय म्हणालीस, उम्मी?"

"हे आधी सांगितलं आहे," सलूहा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वळली आणि जिना उतरून गेली.

इल्हेम उठून जिन्यापर्यंत गेली. पायांत काही नव्हतं. एवढ्यात ऑफिसातून फोन आला. संध्याकाळी येईलच, तेव्हा विचारू, असं म्हणून ती परत आत गेली.

सलूहा लूदवर बसून बेटाला निघाली होती. वरच्या मजल्यावरच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून. बेटावरच्या सिदी यूसुफच्या धक्क्यावर सगळे उतरले, ती उतरली नाही. बोट तिला घेऊनच स्फाक्सला परत आली, आणि तिथल्या धक्क्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की म्हातारी झोपलेली नाही. हृदय, डॉक्टर म्हणाला. कधी गेली ते सांगता येत नाही. बेटावर वेळेवर लक्ष गेलं असतं, तर कदाचित.

दफन बेटावरच झालं, तिच्या माहेरच्या माणसांत. बोटीवरचा खलाशी समाचाराला आला होता, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गृहस्थ. तो इल्हेमसमोर येऊन उभा राहिला.

"मी हाक मारली होती," तो म्हणाला. "झोपलेली दिसली म्हणून मारली. आम्ही नेहमी दोनदा मारतो, बहिणाबाई. म्हातारी माणसं असतात. त्या दिवशी कसं कोण जाणे, एकदा मारली आणि माझं काम झालं असं वाटलं मला. पुढे गेलो."

इल्हेमने त्याला पाणी दिलं. त्याला काय सांगणार होती?

परत आल्यावर तिने पहिलं काम ते केलं. यादीवर लिहिलं: वाचणाऱ्याला या मजकुराची दोन्ही ठिकाणी गरज आहे, तो परत ठेवावा. कुणी हसलं नाही. एकानेही कारण विचारलं नाही. उतारा होता तिथे परत आला. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार.

हेन्निंगचं पत्र आलं, पुन्हा एकटीलाच. "उशीर झाला का?"

"हो," तिने लिहिलं. "आई."

त्यावर एवढंच आलं: "मजकूर परत ठेवल्यावर काही दिवस घरी थांबू नका. कुणाकडे तरी जा. मी गेलो होतो."

ती गेली नाही. कुठे जाणार, आणि का? तिला त्याच घरात बसायचं होतं. आईचं शेवटचं वाक्य काय होतं, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं. त्याखेरीज जगात तिला काही नको होतं.

दुपारी भोंगा दोनदा वाजला. खाली ताहेर कुणाला तरी "लाबेस, लाबेस" म्हणत होता. इल्हेम टेबलाशी बसून साठलेलं काम उपसत होती. तिचं मन त्यात खरंच लागलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "वसीलाच्या मुलीचं ठरलं हं."

"हो," इल्हेम म्हणाली.

मग तिचे हात थांबले. शेजारच्या वसीलाच्या मुलीचं लग्न ठरून महिना होऊन गेला होता. ती धावत आत गेली. स्वयंपाकघर रिकामं होतं. ओटा कोरडा, किटली गार.

तिने घाबरायला हवं होतं. पण आनंदाने तिला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी ती कान देऊन बसली, सबंध दुपार. काहीच आलं नाही. कंटाळून ती कामाला लागली, आणि एका किचकट पानात बुडाली तेव्हा मागून आवाज आला. "पाव आणायला विसरू नकोस." हे त्यानंतरच्या कुठल्याशा दिवसाचं होतं. हळूहळू तिला त्याची रीत कळली. न बोलली गेलेली दुसरी वाक्यं ओळीने येत होती, ज्या क्रमाने राहिली त्याच क्रमाने. ती वाट पाहत असली की येत नसत. आयुष्यभर ती आईकडे जशी पाठ करून बसली होती, तशीच खरोखर पाठ करून बसावं लागे.

नौफेलने फोन केला. "ऑफिसला ये गं. एकटी काय करतेस तिथे?"

"काम."

"काम इथेही आहे."

"संपत आलंय," ती म्हणाली.

वाक्यं येत राहिली. निळी चादर वाळत घातलीय. तुझा भाऊ बोलला फ्रान्सहून. मग एके दुपारी, "मी शेजारी चाललेय, आमटीवर लक्ष ठेव." म्हणजे करपलेल्या भांड्याचा दिवस आला. पुढे आता थोडेच दिवस उरले होते.

मग एका दिवशी, "बटाटे संपलेत." हे बुधवारचं, तिने हिशेब केला. म्हणजे उद्या त्या गुरुवारचं.

दुसऱ्या दिवशी दुपार सरत आली तरी आवाज नव्हता. ऐकायची ओढ इतकी, की काम डोक्यात शिरेना. शेवटी तिने सगळ्यांत अवघड पान काढलं. दोन लांबलचक प्रकरणं, एकात एक गुंतलेली. सुरुवातीला ती नुसती डोळे फिरवत होती. मग एक जागा अडली. मग दुसरी. कुठून कुठे काय जातं हे ती बोटाने पडद्यावर शोधू लागली.

आई तिच्या मनातून गेली.

"मी बेटावर चाललेय, बिन्ती," मागून आवाज आला. "एकटीने जायला भीती वाटते गं आज. येतेस माझ्याबरोबर?"

"हो," इल्हेम म्हणाली.

बोट पडद्यावरच राहिलं.

ती सोबत मागत होती. एवढंच होतं ते. जिन्यावरून परत फिरण्याऐवजी ती तशीच अनवाणी खाली गेली असती, तर त्या बाकावर आईशेजारी बसली असती. तिने हाका मारल्या असत्या, दोन नाही, शंभर. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती लहान पोरीसारखी रडली.

रडणं ओसरलं तेव्हा तिला जाणवलं, की आवाजापाठोपाठ नेहमी जी शांतता पसरे ती आज पसरली नव्हती. बाहेरच्या खोलीत कुणीतरी वावरत होतं. कापड झटकल्याचा आवाज आला. पिशवीचे बंद आवळल्याचा.

मग तेही थांबलं. हो म्हणालीस ना, मग आता चल, एवढंच सलूहा नेहमी म्हणे.

इल्हेम बऱ्याच वेळाने उठली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याजवळ इल्हेमचे जोडे पुसून ठेवले होते, शेजारी शेजारी, टाचा घराकडे करून.